खुकरी सगळ्यांना ठाऊक, अलिझे किती जणांना?

रोह्याजवळचं वरसे सोडून कुंडलिका नदीच्या काठाने पश्चिमेला निघालं, की रेवदंड्याला नदी समुद्राला मिळते. हाच अरबी समुद्र वर कच्छपर्यंत जातो. १९७१ च्या युद्धात तिकडच्या पाण्यावर आपल्या नौदलाचं एक विमान पडलं. विमानाचं नाव ब्रेगे अलिझे, तारीख १० डिसेंबर. आत तिघे होते: लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन. तिघांपैकी एकही परतला नाही.

आदल्याच रात्री आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडाली होती. खुकरीवर पुस्तकं निघाली, स्मारक झालं, दर डिसेंबरात तिची आठवण निघते आणि निघायलाच हवी. अलिझेच्या वाट्याला मात्र युद्धाच्या इतिहासात बहुतेक ठिकाणी एखादं वाक्य येतं. या विमानाभोवती इतक्या विलक्षण गोष्टी आहेत, की एका वाक्यात त्या मावूच शकत नाहीत.

आदली रात्र

९ डिसेंबर १९७१, रात्री पावणेनऊचा सुमार. दीवच्या किनाऱ्यापासून अंदाजे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. पहिला नेम सोबतच्या आयएनएस किरपाणवर होता, तो वाया गेला. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवण्याची जगातली ही पहिलीच घटना.

त्यानंतरचे चार दिवस आपल्या नौदलाने हंगोरसाठी समुद्र पिंजून काढला. जहाजं निघाली, नवीकोरी सी किंग हेलिकॉप्टरं निघाली, अलिझे निघाली. हंगोर सगळ्यांना चकवून कराचीला पोहोचली. आज ती तिथल्या सागरी संग्रहालयात उभी आहे.

दोन्ही फ्रान्सची

हंगोर ही फ्रान्सने बांधलेली दाफ्ने वर्गाची पाणबुडी. तिच्यासारख्या पाणबुड्यांच्या मागावर जाणारं अलिझेही फ्रान्सचंच. खुकरी ब्रिटिश बनावटीची, ज्या पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमानाने अलिझे पाडलं ते अमेरिकन. एका समुद्रात दोन शेजारी देशांची माणसं एकमेकांचा जीव घेत होती आणि या चारपैकी एकही यंत्र या उपखंडात जन्मलेलं नव्हतं. पुढच्या पन्नास वर्षांत आपण जहाजं घरी बांधायला का लागलो, याचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. नंतरची खुकरी, म्हणजे त्याच नावाची नवी युद्धनौका, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १९८९ मध्ये नौदलात आली. २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि पुढच्या २६ जानेवारीला दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली.

इंजिन ओळखीचं

अलिझेच्या नाकात रोल्स-रॉइस डार्ट इंजिन होतं. हेच इंजिन इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप आणि अ‍ॅव्हरो विमानांत होतं. साठ-सत्तरच्या दशकात सांताक्रूझहून ज्यांनी विमानप्रवास केला, त्यांना डार्टची ती कानात घुसणारी उंच शीळ आठवत असेल. अलिझेला असं एकच इंजिन, म्हणजे समुद्रावर ते बंद पडलं तर दुसरं हाताशी नाही. तरी हे विमान किनारा दिसेनासा होईल इतकं आत जायचं आणि तासन् तास तिथेच घिरट्या घालायचं.

पोटातला घुमट

आता विमान जरा जवळून पाहू. अलिझे पहिल्यांदा उडालं ६ ऑक्टोबर १९५६ ला. पंखांचा विस्तार १५.६ मीटर. विमानवाहू जहाजाच्या लिफ्टमध्ये मावावं म्हणून पंख दुमडता येत. शेपटीकडे खाली एक आकडा. डेकवर उतरताना तो आडव्या ताणलेल्या तारेत अडकला की विमान जागच्या जागी थांबायचं. दोन्ही पंखांवर पुढे आलेले लांबट फुगवटे दिसतात. चाकं वर उचलली की त्यांत जाऊन बसत, आणि त्याच फुगवट्यांत सोनोबॉय ठेवलेले असत.

सोनोबॉय म्हणजे पाण्यातला आवाज ऐकणारं तरंगतं यंत्र. आपल्या कोळी बांधवांच्या जाळ्याचे बोये पाण्यावर ओळीने डोलतात, तशी ही यंत्रं विमानातून समुद्रात टाकत जायचं. प्रत्येकाखाली पाण्यात लोंबणारा मायक्रोफोन, वर रेडिओची अँटेना. पाणबुडीच्या पंख्याचा आवाज खालून आला, की तो रेडिओवरून विमानात ऐकू येतो.

खरी गंमत पोटात होती. तिथे रडारचा घुमट होता आणि तो खालीवर होत असे. डेकवर उतरताना आत, शोध घेताना बाहेर. बॅटरीवर चालणारी पाणबुडी कायम खोल पाण्यात राहू शकत नाही. बॅटऱ्या भरायला तिला वर येऊन नळीतून हवा घ्यावी लागते. लाटांवर हातभर बाहेर आलेली ती नळी रडारच्या पडद्यावर टिपायची, हे अलिझेचं काम. वैमानिक आणि त्याच्या शेजारी एक जण असे दोघे पुढे. तिसरा मागे, आडवा बसलेला, नजर यंत्रांवर. समुद्र खवळलेला असला की प्रत्येक लाट पडद्यावर ठिपका होऊन येते. त्यांतला एक ठिपका वेगळा कसा वाटतो, हे कोणत्याही पुस्तकात नसतं, ते त्या माणसाच्या डोळ्यांत असतं. पाणबुडी सापडली तर पोटातल्या कप्प्यात टॉर्पेडो किंवा डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, तयार असत.

अशा विमानाला वेग परवडतच नाही. पाणी वाचायचं तर सावकाश, खालून, त्याच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. अलिझेचा जास्तीत जास्त वेग ताशी ५२० किलोमीटरच्या आसपास होता आणि शोध घेताना ते त्याहून बरंच हळू उडत असे.

समोर स्टारफायटर

१० डिसेंबरला अलिझेच्या वाटेत आलं ते पाकिस्तानी हवाई दलाचं एफ-१०४ स्टारफायटर. चालवत होते नवव्या स्क्वॉड्रनचे विंग कमांडर आरिफ इक्बाल. हे विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने, म्हणजे ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर जाऊ शकत होतं. त्याच्या पंखांचा विस्तार जेमतेम साडेसहा मीटर, आणि पंखांची कड इतकी पातळ, की जमिनीवर काम करणाऱ्यांना इजा होऊ नये म्हणून तिच्यावर संरक्षक पट्ट्या चढवून ठेवत. तोफ सहा नळ्यांची व्हल्कन, शिवाय उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रं. अलिझेकडे हवेतल्या शत्रूवर चालवायला काहीच नव्हतं. त्याचा शत्रू पाण्याखाली राहतो हे गृहीत धरूनच ते बांधलं होतं.

या सामन्याला हवाई लढाई म्हणणं मला पटत नाही. तिघे जण आपलं काम करत होते आणि त्या कामात पळून जाण्याची सोयच नव्हती.

दोन दिवसांनी, तोच पट्टा

१२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर स्टारफायटर आणि जामनगरची मिग-२१ समोरासमोर आली. फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी एक स्टारफायटर पाडलं. त्याचे वैमानिक विंग कमांडर मर्विन मिडलकोट विमानातून बाहेर पडले, समुद्रात उतरले आणि पुन्हा सापडले नाहीत. पाकिस्तानात त्यांचं नाव आजही आदराने घेतात. ४८ तासांच्या आसपासच्या अवधीत याच भागातल्या समुद्राने दोन्हीकडची माणसं घेतली.

वरून जहाज ओळखणं

समुद्रावर शत्रूचं जहाज शोधायला गेलेल्या विमानाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे दिसलेलं जहाज कोणाचं ते कळणं. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला (नौदल दिन त्याच तारखेला असतो तो यामुळे). कराचीत खळबळ उडाली. एका पाकिस्तानी फोकर विमानातून टेहळणी चालू होती. त्यातल्या निरीक्षकाला भारतीय क्षेपणास्त्र नौका दिसली असं वाटलं. पाकिस्तानी विमानांनी येऊन तिच्यावर गोळीबार केला. ती निघाली पाकिस्तानचीच युद्धनौका, झुल्फिकार. त्या फोकरलाही इंजिनं डार्टचीच होती.

विक्रांत तेव्हा कुठे होती?

अलिझेचं खरं घर म्हणजे विमानवाहू जहाज आयएनएस विक्रांत. या विमानांची ३१० क्रमांकाची स्क्वॉड्रन, टोपणनाव 'कोब्रा', २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समधल्या इएर इथे उभी राहिली. १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्या बॉयलरला चीर गेलेली, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरी तिच्यावरून सी हॉक विमानांनी दिवसा आणि अलिझेंनी रात्री कॉक्स बझार, चितगाव, मोंगला इथली बंदरं आणि जहाजं झोडपली. त्याच ताफ्यातल्या आयएनएस कामोर्ताचे कप्तान होते मनोहर आवटी. त्यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते व्हाइस अ‍ॅडमिरल झाले आणि निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. पश्चिमेकडच्या अलिझेंना मात्र जहाजाचा आधार नव्हता. ती किनाऱ्यावरच्या धावपट्ट्यांवरून उडत होती.

विक्रांत नंतर मुंबईत काही वर्षं संग्रहालय होती. २०१४ मध्ये दारूखान्यात ती मोडीत निघाली आणि तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत गेला. रोह्याच्या रस्त्यावर अशी एखादी दिसली तर तिच्या पेट्रोलच्या टाकीकडे आदराने पाहावं.

पुण्याची भंगारातली विमानं

अलिझे येण्याच्या आधीपासून अरबी समुद्रावर लांबची टेहळणी करायची ती पुण्याच्या लोहगावहून उडणारी हवाई दलाची लिबरेटर. ही चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बफेकी विमानं दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती, पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या भंगारातून चाळिसेक विमानं उभी केली. कानपूरहून बंगळूरला ती उडवत नेली जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने. आधी त्याने ते विमान कधी चालवलंच नव्हतं. १९६८ पर्यंत लिबरेटर सेवेत राहिली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं लिबरेटर आपल्याच हवाई दलाने दिलेलं आहे. या कारागिरांवर कोणी मराठीत एक अख्खं पुस्तक लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

दाबोळी

१८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या मोहिमेत पुण्याहून बारा कॅनबेरा विमानं निघाली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. हुकूम असा, की धावपट्टी उखडायची पण इमारतींना धक्का लावायचा नाही. तो पाळला गेला. रात्री उरल्यासुरल्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं अंधारात उडाली आणि कराचीला निसटली. त्या मोहिमेत अलिझे विक्रांतवरून गस्त घालत होती.

आज दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे आणि जवळच बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय. १९९८ मध्ये ते सुरू झालं. तिथे एक अलिझे ठेवलेलं आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, तेव्हा आपल्या लोकांना मडगाव काही लांब नाही. गोव्याला जाऊन फक्त किनारे पाहून परत येणाऱ्यांना माझा आग्रह आहे, की एक दुपार इथे द्या. पंखांवरचे ते फुगवटे शोधा. मग पुढच्या काचेमागची जागा पाहा आणि तिथे दोन माणसं किती अवघडून बसत असतील त्याचा अंदाज घ्या. शेजारी सुपर कॉन्स्टेलेशन हे भलंमोठं विमान आहे. ते आधी एअर इंडियाकडे होतं, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे गेलं. समुद्राची टेहळणी त्यानेही केली.

रायगडची नावं पाण्याखाली

नौदलाचा मुंबईतला जुना तळ, आयएनएस आंग्रे, हे नाव घेतो आपल्या कुलाब्याच्या सरखेल कान्होजींचं. थळसमोरच्या खांदेरी किल्ल्याचं नाव आतापर्यंत दोन पाणबुड्यांना मिळालंय: पहिली १९६८ ची, दुसरी २०१९ ची, आणि दुसरी बांधली माझगाव गोदीने. उरणजवळच्या करंजा बेटावरून आयएनएस करंज. १९७१ च्या युद्धात करंज अरबी समुद्रातच गस्तीवर होती. तिचे कप्तान विजयसिंह शेखावत पुढे नौदलप्रमुख झाले. म्हणजे हंगोर जिथे दबा धरून होती, त्याच समुद्रात आपल्या जिल्ह्यातल्या बेटाचं नाव घेतलेली पाणबुडीही होती.

श्रीलंकेजवळचं कॅटॅलिना

अलिझेसारखाच प्रसंग हिंदी महासागरात २९ वर्षं आधी घडला होता. ४ एप्रिल १९४२ ला कॅनडाचे लेनर्ड बर्चल श्रीलंकेच्या दक्षिणेला कॅटॅलिना हे संथ उडतं गलबत घेऊन गस्तीवर होते. त्यांना जपानी विमानवाहू जहाजांचा ताफा दिसला. झिरो विमानांनी कॅटॅलिना पाडेपर्यंत त्यांनी रेडिओवरून खबर पोहोचवली. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या सकाळी हल्ला झाला तेव्हा कोलंबो बेसावध नव्हतं. बर्चल युद्धकैदी झाले, जिवंत राहिले, २००४ मध्ये गेले. त्याच आठवड्यात, ९ एप्रिलला, ब्रिटिशांची नऊ ब्लेनहाइम विमानं त्या ताफ्यावर चालून गेली. पाच परतली नाहीत.

संथ विमानाने जहाजांच्या जवळ जायचं, पाहायचं आणि सांगायचं. महायुद्धापासून १९७१ पर्यंत या कामाची किंमत फारशी बदलली नव्हती.

उलटा फासा

१० ऑगस्ट १९९९. कारगिलचं युद्ध थांबून काही आठवडेच झाले होते. कच्छजवळ आपल्या मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचं एक विमान पाडलं. १६ जण गेले. विमान होतं समुद्री गस्तीचं, फ्रान्सच्या त्याच ब्रेगे कंपनीने घडवलेलं अटलांटिक. २८ वर्षांत पाडणारा आणि पडणारा यांची जागा बदलली होती. विमानाची जात तीच, भागही तोच. मला या गोष्टीचा आनंद कधी वाटला नाही. त्या १६ जणांच्या घरीही कोणी वाट पाहत असणार.

चोपन्न नावांची यादी

१९७१ नंतर बेपत्ता राहिलेल्या भारतीय सैनिकांची एक यादी आहे. साधारणपणे तिला ५४ जणांची यादी म्हणतात. त्यात अशोक रॉय यांचं नाव आहे. त्याच यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे मराठी नाव आहे. ५ डिसेंबरला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. १९८३ आणि २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही. समुद्रात पडलेल्या विमानाच्या घरच्यांची अडचण याहून अवघड असते. जमिनीवर निदान एखादं गाव, एखादा साक्षीदार असतो.

कोब्रा अजून उडतात

आपल्याकडे अलिझे १९९१ मध्ये निवृत्त झालं. फ्रान्सने ते आणखी वापरलं. १९९९ च्या कोसोव्हो मोहिमेतही ते होतं आणि २००० मध्ये थांबलं. ३१० स्क्वॉड्रन मात्र बंद पडली नाही. ती गोव्याहून डॉर्नियर २२८ उडवते. डॉर्नियरचा वेग अलिझेपेक्षाही कमी आहे. सोबतीला बोइंगची पी-८आय ही जेट विमानं आली, तरी किनाऱ्याजवळचं पाणी वाचायला संथ विमान लागतंच.

३ ऑगस्ट २०२२ रोजी पोरबंदरहून ३१४ स्क्वॉड्रनचं एक डॉर्नियर उत्तर अरबी समुद्रावर टेहळणीला गेलं. आत पाच अधिकारी होत्या, पाचही महिला. नौदलात संपूर्ण महिला चमूने स्वतंत्रपणे केलेली ही पहिलीच सागरी टेहळणी. मोहिमेच्या प्रमुख लेफ्टनंट कमांडर आंचल शर्मा. विमान चालवणाऱ्या दोघींपैकी एकीचं नाव लेफ्टनंट शिवांगी, आणि दुसरीचं लेफ्टनंट अपूर्वा गीते.